कापसाच्या उशाशी बंद पडलेल्या गिरण्या

वर्धा येथे २० सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या समारंभात अमरावतीच्या नियोजित ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग संकुलाची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसविण्यात आली. सुमारे हजार एकर जागेवर कापसापासून कपड्यापर्यंतची सर्व कामे एकत्र आणावयाची, विदर्भाचा कापूस विदर्भातच कातावयाचा आणि विणावयाचा, अशी ही योजना आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या जिल्ह्याच्या ठिकाणी हा समारंभ झाला, त्याच जिल्ह्यात कापूस कातणाऱ्या आणि विणणाऱ्या गिरण्या शंभर वर्षांपूर्वीही होत्या. हिंगणघाटला होत्या, पुलगावला होती. त्यांच्या भोंग्यावर गावांची घड्याळे लावली जात. त्या गिरण्यांना कच्चा माल दारातच मिळत होता, मजूर शेजारच्या खेड्यांतून येत होते, मुंबई-नागपूर लोहमार्ग जवळून जात होता. तरीही त्या एकामागून एक खंगल्या. हे का घडले, याचा विचार न करताच नव्या संकुलाकडून अपेक्षा बाळगणे म्हणजे पहिले घर का कोसळले हे न पाहता त्याच पायावर दुसरे उभारण्यासारखे होईल.

गिरणी बंद पडली की कारणे सांगणाऱ्यांची वाण पडत नाही. मालक कामगार संघटनेकडे बोट दाखवितो, कामगार मालकाच्या लोभाकडे, दोघेही मिळून सरकारकडे आणि सरकार बाजारातील मंदीकडे. या प्रत्येक आरोपात काही तथ्य असते. परंतु एकट्या कोणत्याही कारणाने साठ-सत्तर वर्षे चाललेला धंदा बुडत नाही. मंदी पूर्वीही आली होती, संप पूर्वीही झाले होते आणि ते पचवून गिरण्या चालल्या होत्या. प्रश्न असा आहे, की पूर्वी जे पचले ते पुढे का पचेनासे झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. एक, धंद्याच्या आतील कर्तबगारी. म्हणजे यंत्रे, ती चालविणारे हात, माल पारखणारी नजर, हिशेब आणि व्यवस्थापन. दुसरी, धंद्याभोवतीच्या संस्था. म्हणजे बाजार, बँक, कायदा, वाहतूक, शिक्षण आणि मालाच्या प्रतीची खात्री देणारी व्यवस्था. या दोहोंपैकी एक दुबळी झाली, तर दुसरी तिला काही काळ सावरून धरते. दोन्ही एकाच वेळी झिजू लागल्या, म्हणजे एरवी सोसता आला असता असा लहानसा धक्काही धंद्याला पुरेसा होतो. वर्धा जिल्ह्याची कहाणी ही अशा दुहेरी झिजेची कहाणी आहे.

नाव गेले, मग भाव गेला

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि इंग्रज सरकारची नजर वर्धा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीकडे वळली होती. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी कापूस आयुक्त म्हणून नेमला गेला. या काळात हिंगणघाट हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात एका विशिष्ट कापसाचे नाव म्हणून ओळखले जात होते. तो कापूस म्हणजे ‘बनी’. देशी वाणांमध्ये तलम, लांब आणि मऊ धाग्याचा म्हणून त्याची ख्याती होती.

परंतु बनीचा एक दोष होता. सरकी काढल्यानंतर तिच्यापासून रुईचा उतारा कमी पडे. तिच्या मानाने ‘जरी’ हा जाडाभरडा, आखूड धाग्याचा कापूस पीकही अधिक देई आणि उताराही अधिक देई. तलम कापसाला त्याच्या प्रतीनुसार चढा भाव मिळाला असता, तर कास्तकाराने बनी सोडली नसती. पण बाजारात सरमिसळ होऊ लागली. हलका कापूस हिंगणघाटच्या नावावर खपू लागला, खरेदीदार सर्वच मालाला सरासरीचा भाव देऊ लागला आणि मग चांगला कापूस पिकविणे हा कास्तकाराच्या दृष्टीने तोट्याचा सौदा ठरला. एकोणिसावे शतक सरता सरता बनी मागे पडत गेली आणि जरीचे क्षेत्र वाढत गेले.

या घटनेत शेतकऱ्याचा दोष काढणे अन्यायाचे आहे. त्याने आपल्या हिताचा विचार केला आणि तो बरोबरच केला. दोष होता तो मालाची प्रत ओळखून तिला योग्य मोल देणाऱ्या व्यवस्थेच्या अभावाचा. भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्येच कायदा केला होता. पण तो टिकला नाही. शेजारच्या वऱ्हाडात १८९७ चा बाजार कायदा आला. पुढे १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली, १९२३ मध्ये एका भागातील हलका कापूस दुसऱ्या नामांकित भागात आणून मिसळण्यास बंदी करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांवर नियंत्रण आले. हे सारे उपाय योग्य होते. पण हिंगणघाटच्या नावाला जे व्हायचे ते तोवर होऊन गेले होते. एखाद्या गावाचे नाव बाजारात चालते, ते त्या गावाचे सामुदायिक भांडवल असते. ते कोणा एका व्यापाऱ्याच्या वहीत जमा नसते, म्हणूनच ते खर्ची पडत असताना कोणालाही आपले नुकसान होत आहे असे वाटत नाही.

गिरणी म्हणजे केवळ यंत्रे नव्हेत

गिरण्या उभ्या राहिल्या त्या याच पार्श्वभूमीवर. हिंगणघाटची पहिली कापड गिरणी १८८१ मध्ये सुरू झाली. पुढे बन्सीलाल अबीरचंद यांची, मोहता घराण्याची आणि पुलगावची अशा गिरण्यांची भर पडली. बहुतेक भांडवल कापसाच्या व्यापारातून आणि सावकारीतून आले होते. या घराण्यांना कापसाची जाण उत्तम होती. हुंडी, उधारी, बाजाराची चाल त्यांना मुखोद्गत होती. परंतु गिरणी चालविणे हा व्यापाराहून वेगळा धंदा आहे. व्यापारात चूक झाली, तर ती त्या हंगामापुरती असते. गिरणीतील चूक यंत्राबरोबर तीस-तीस वर्षे मुक्काम करते.

हा भेद ज्याने ओळखला, त्याचे उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही. जमशेटजी टाटांनी नागपूरला उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिचे व्यवस्थापन त्यांनी बेझनजी मेहता यांच्याकडे सोपविले. बेझनजी मूळचे रेल्वेतील माल-वाहतुकीचे अधिकारी. गिरणीचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. परंतु ते शिकत गेले आणि त्यांनी इतरांना शिकविले. सुरुवातीची यंत्रे हलक्या दर्जाची निघाली, तेव्हा ती तशीच रेटून न चालविता बदलण्यात आली. रिंग पद्धतीच्या चात्या इंग्लंडातील गिरणीवाले संशयाने पाहत होते, त्या काळात, म्हणजे १८८० च्या दशकात, एम्प्रेस मिलने त्यांचा प्रयोग करून पाहिला. कामगार टिकत नाहीत, हजेरी अनियमित असते, या तक्रारीवर केवळ दंड न करता बक्षिसे देण्यात आली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघात-भरपाईचा निधी सुरू झाला. याला परोपकार म्हणावयाचे तर म्हणावे. पण तो धंद्याचाही विचार होता. कसलेला कामगार हे भांडवल आहे आणि त्याची झीज भरून काढली पाहिजे, हे त्या व्यवस्थापनाने जाणले होते.

गिरणीची आतली कर्तबगारी म्हणतात ती हीच. ती ताळेबंदात दिसत नाही. कापूस मिसळणाऱ्याची नजर, कांतण खात्यातील जॉबरचा कान, तुटलेला धागा जोडणाऱ्या बाईची बोटे, यंत्र बिघडण्यापूर्वी ते उघडणारा फिटर, आणि नफ्यातील किती रक्कम घसाऱ्यासाठी राखावयाची हे ठरविणारा संचालक, या सर्वांची मिळून ती होते. यंत्रे विकत घेता येतात. ही कर्तबगारी रोजच्या रोज कमवावी लागते आणि वापरली नाही की ती नाहीशी होते.

कच्चा माल दाराशी असणे म्हणजे निम्मी लढाई जिंकणे, ही समजूत विदर्भात फार जुनी आहे. ती तपासून पाहण्यासाठी जपानचे उदाहरण उपयोगी पडेल. आधुनिक जपानच्या गिरण्यांना स्वतःचा पुरेसा कापूस नव्हता. १८९३ मध्ये टाटा आणि जपानी जहाज कंपनी निप्पॉन यूसेन यांच्या सहकार्याने मुंबई-जपान जलमार्ग सुरू झाला आणि भारतीय कापूस मोठ्या प्रमाणावर तिकडे जाऊ लागला. आपल्याकडील आखूड धाग्याचा कापूस, चिनी कापूस आणि अमेरिकन कापूस यांचे नेमके मिश्रण करून त्यातून चांगले सूत काढण्याची विद्या जपानी गिरण्यांनी साध्य केली. त्यांच्या व्यापारी कंपन्यांनी भारताच्या अंतर्भागात खरेदीची केंद्रे उघडली. त्यांच्या गिरणी-मालकांच्या संघाने जहाजाच्या भाड्यापासून कापसाच्या पुरवठ्यापर्यंत सर्वांसाठी बोलणी केली. म्हणजे कापूस आपला, पण कर्तबगारी आणि संस्था त्यांच्या. आणि १९३० च्या दशकात त्याच कापसाचे कापड भारताच्या बाजारात येऊन येथील गिरण्यांशी स्पर्धा करू लागले. कापसाची जवळीक हा फायदा आहे, परंतु तो गाडीभाड्याइतकाच फायदा आहे. तेवढ्या भांडवलावर उद्योग उभा राहू शकेल, टिकू शकणार नाही.

तेजीत झालेली झीज

उद्योगाची खरी हानी मंदीत होते असे समजले जाते. वस्तुतः ती पुष्कळदा तेजीत होते आणि मंदीत केवळ उघडकीस येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९३९ ते १९४५ या वर्षांत, कापडाला अमाप मागणी होती. देशभरातील गिरण्या रात्रंदिवस चालल्या. यंत्रे झिजली, परदेशातून नवी येणे शक्य नव्हते. या काळातील नफा पुढील यंत्रांसाठी राखून ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग होता. ज्या गिरण्यांनी तो पत्करला, त्या टिकल्या. अनेकांनी तो लाभांशात, सट्ट्यात आणि इतर धंद्यांत घातला. मॅनेजिंग एजन्सी पद्धतीत व्यवस्थापक घराण्याला उत्पादनावर किंवा विक्रीवर दलाली मिळत असे. गिरणीचे दीर्घकालीन हित आणि एजंटाचे वार्षिक उत्पन्न यांची सांगड नेहमीच बसत नसे. १९७० मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली, तोवर पुष्कळ गिरण्यांत आजोबांनी आणलेल्या यंत्रांवर नातवांचा संसार चालला होता.

याच काळात बाहेरची परिस्थितीही बदलत होती. १९५६ नंतर कापड गिरण्यांच्या मागांची संख्या वाढू न देण्याचे धोरण देशात स्वीकारले गेले. हातमाग जगावा हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. पण मोकळी राहिलेली जागा हातमागाने न घेता भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांनी घेतली. यंत्रमागाला गिरणीइतका कर नव्हता, कारखाना कायद्याचे बंधन फारसे जाणवत नव्हते आणि वेतनही कमी होते. शिवाय गिरण्यांवर स्वस्त दराच्या नियंत्रित कापडाचा वाटा काढण्याची सक्ती होती. सुस्थितीतील गिरणीने हा भार सोसला असता. जुनाट यंत्रांच्या गिरणीला तो पेलवला नाही. धोरणाचा भार सर्वांवर सारखा होता, परंतु ज्यांची आतली ताकद संपली होती तेच प्रथम पडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९७४ मध्ये संसदेने १०३ आजारी कापड गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणी त्यांपैकी एक होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या छत्राखाली कामगारांची नोकरी वाचली आणि त्या वेळी तेच सर्वांत निकडीचे होते. परंतु आजारी गिरणीला मालक बदलून मिळाला, तरी औषध मिळाले नाही. आधुनिकीकरणाला पैसा अपुरा, निर्णय दूरवर होणारे, कापूस घेण्याची परवानगी हंगाम टळल्यावर येणारी, अशा स्थितीत तोटा वाढत गेला आणि तो अंदाजपत्रकातून भरून काढण्यात आला. गिरणीत कामगार होते, व्यवस्थापक होते, पण निर्णय घेण्याची सवय उरली नव्हती. अखेर तीही गिरणी बंद झाली. पुलगावचाही भोंगा थांबला. नागपूरची एम्प्रेस मिलसुद्धा या नियमाला अपवाद ठरली नाही. १९८६ मध्ये मूळ कंपनीने हात टेकले, राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालविण्यास घेतली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद पडली. आरंभीची कीर्ती पुढच्या पिढ्यांचे काम करून देत नाही, हेच यावरून दिसते.

आधाराच्या संस्था

आता गिरणीच्या भिंतीबाहेर पाहू. महाराष्ट्र शासनाने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अंमलात आणली. व्यापारी आणि दलाल यांच्या तावडीतून शेतकऱ्याची सुटका करावी, प्रक्रियेचा नफाही त्याच्या पदरात पडावा, ही तिची प्रेरणा होती आणि अनेक वर्षे तिने शेतकऱ्याला भावाचा आधार दिला हे नाकारता येणार नाही. परंतु योजना जसजशी जुनी झाली तसतसे तिचे दोषही वाढले. बाहेरच्या राज्यांत भाव चढा असला की कापूस सीमेपलीकडे जाई. येथील हमीभाव चढा असला की बाहेरचा कापूस आत येई. प्रतवारीवरून तंटे होत, चुकारे रखडत, आणि भाव राजकीय निर्णयाने ठरू लागल्यावर तोटा साचत गेला. सुमारे तीन दशकांनंतर या मक्तेदारीचा शेवट झाला.

या योजनेचा एक परिणाम मात्र फारसा चर्चिला गेला नाही. पूर्वी गिरणीचा पारखी बाजारात उभा राहून गाडीगाडीचा कापूस हातात घेऊन पाहत असे. त्याची पारख हे गिरणीचे भांडवल होते, तसेच ते शेतकऱ्याला मिळणारे शिक्षणही होते. कोणत्या कापसाला दोन पैसे अधिक मिळतात, हे तेथेच समजत असे. खरेदीदार एकच झाल्यावर ही शाळा बंद पडली. मक्तेदारी उठली तेव्हा अडते आणि व्यापारी परत आले, पण मधल्या तीस वर्षांत विरलेली पारख तितक्या सहजपणे परत आली नाही. संस्था मोडणे सोपे असते. जुन्या संस्थेतील दोष काढून टाकताना तिच्या पोटात दडलेले एखादे उपयुक्त काम कोण करणार, याचा विचार क्वचितच केला जातो.

दुसरी संस्था म्हणजे बँक. ग्रामीण धंद्याचा श्वास जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर अवलंबून असतो. शेतकऱ्याचे पीककर्ज, शिक्षकाचा पगार, पतसंस्थेच्या ठेवी, लहान जिनिंगवाल्याचे खेळते भांडवल, सारे तिच्यातून वाहते. २००२ मध्ये होम ट्रेड या दलाल कंपनीमार्फत केलेल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारात ज्या सहकारी बँकांचे पैसे अडकले, त्यांत नागपूरबरोबर वर्ध्याचीही बँक होती. त्यानंतर ही बँक सावरण्यास फार काळ लागला. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनासाठी २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातील बँका तीनच होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. मधल्या काळात, २००६ मध्ये, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष साहाय्य ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झाले, त्यांतही वर्धा होता. एकट्या बँकेमुळे हे संकट आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या वर्षांत कास्तकाराला पतपुरवठ्याची सर्वाधिक गरज होती, त्याच वर्षांत त्याच्या हक्काची बँक आजारी होती, हे विसरून चालणार नाही.

तिसरी संस्था म्हणजे आजारी उद्योगांविषयीचा कायदा. १९८५ च्या कायद्याने अशा कंपन्यांसाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापण्याची तरतूद केली. परंतु या कायद्याने आजारी कंपनीची व्याख्या अशी केली होती, की साचलेला तोटा कंपनीच्या सर्व स्वनिधीइतका किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे ती आजारी. म्हणजे रोग्याची शुद्ध हरपल्यावर वैद्याला बोलावणे पाठवावयाचे. त्यानंतर प्रकरण वर्षानुवर्षे चाले. या मुदतीत यंत्रे गंजत, कसबी कामगार रोजगाराच्या शोधात गाव सोडत आणि ज्या दिवशी निकाल लागे त्या दिवशी वाचविण्याजोगे काही उरलेले नसे. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेने कालमर्यादा घालून दिली ही सुधारणाच आहे. परंतु तीही रोग झाल्यावरची चिकित्सा आहे.

एकाची झीज दुसऱ्याला

आतली आणि बाहेरची झीज एकमेकींना कशी पोसते, हे आता स्पष्ट होईल. गिरणीचे सूत हलके झाले की तिला चांगल्या कापसाची गरज वाटेनाशी होते. गरज नसली की बाजारात प्रतीला मोल राहत नाही. मोल नसले की शेतकरी वजनाकडे पाहतो, धाग्याकडे पाहत नाही. तसा कापूस आला की गिरणीचे सूत आणखी हलके होते. हेच कर्जाबाबत घडते. गिरणीने हप्ते थकविले की बँक दुबळी होते आणि दुबळी बँक चांगल्या गिरणीलाही खेळते भांडवल देण्यास कचरते. शिक्षणाचेही तसेच. गिरणीत भवितव्य नाही असे दिसले की हुशार मुलगा कारकुनीकडे वळतो, मग यंत्रावर शिकलेला माणूस मिळत नाही आणि म्हणून गिरणी मागे पडते. या चक्रात प्रत्येक जण आपल्यापुरते शहाणपणानेच वागत असतो. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र विनाश अशी येते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की कापड गिरण्या तर जगभर बंद पडल्या. खुद्द लँकेशायर संपले, तेथे वर्ध्याची काय कथा? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. जुन्या चात्यांना कवटाळून बसलेल्या लँकेशायरला १९५९ मध्ये यंत्रे मोडीत काढण्यासाठी सरकारी मदत घ्यावी लागली, हे खरे. परंतु भारतात कताईचा धंदा संपला नाही. तो स्थलांतरित झाला. कोइमतूरच्या परिसरात तो वाढला, आणि तेथील गिरण्या इतर राज्यांचा कापूस विकत नेऊन कातू लागल्या. यंत्रे बनविणारे कारखाने, तंत्रशिक्षणाच्या संस्था आणि गिरण्यांनी वर्गणी काढून चालविलेली संशोधन संस्था तेथे गिरण्यांच्या शेजारी उभी होती. तेव्हा काळाचा महिमा म्हणून हात झटकता येणार नाहीत. हिंगणघाट आजही कापसाची मोठी बाजारपेठ आहे, तेथे जिनिंगचे कारखाने आहेत, सूतही निघते. तरीही जिल्ह्याच्या कापसाचा मोठा भाग गाठींच्या रूपाने बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो.

वर्ध्याचा दुसरा वारसा

संस्था उभारण्याचा वारसा वर्ध्याला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ येथे स्थापन झाला तेव्हा जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस होते. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांसारख्या लहान उद्योगांनाही अवजारांत सुधारणा, कारागिरांचे शिक्षण, मालाची प्रत आणि चोख हिशेब यांची गरज आहे, हे या संघाने प्रयोगांनी दाखविले. १९३८ मध्ये उघडलेले मगन संग्रहालय हे त्याच विचाराचे फळ होते. गिरणी आणि ग्रामोद्योग यांतील वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच, की ज्यांनी चरख्याचा पुरस्कार केला त्यांनाही चरख्याभोवती संस्था लागतात हे समजले होते. आणि ज्यांनी हजारो चात्यांच्या गिरण्या चालविल्या, त्यांतील कित्येकांना ते समजले नाही.

अमरावतीचे संकुल उभे राहील तेव्हा रस्ते, वीज, पाणी आणि करसवलती यांची चर्चा होईल. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. वाहतुकीची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. परंतु नव्या इमारती आणि नवी यंत्रे यांनी प्रश्न सुटत नाही याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच अचलपूरला आहे. तेथे महामंडळाने फिनले गिरणी आधुनिक यंत्रांनी नव्याने उभारली. २०२० च्या टाळेबंदीत तिची चाके थांबली आणि नंतरची वर्षे कामगारांनी ती पूर्ववत फिरण्याची वाट पाहण्यात काढली. यंत्रे नवी होती. निर्णय घेणारी व्यवस्था मात्र जुनीच होती.

म्हणून काही साध्या गोष्टींचा आग्रह आतापासून धरावयास हवा. बाजार समितीच्या आवारात धाग्याची लांबी, बळकटी आणि स्वच्छता मोजणारी यंत्रे असावीत व त्या मोजमापाप्रमाणे भाव मिळावा, म्हणजे चांगला कापूस पिकविणाऱ्याला चांगला भाव मिळेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कताई-विणाईचे अभ्यासक्रम संकुल उभे राहण्यापूर्वी सुरू व्हावेत, नंतर नव्हे. सवलत घेणाऱ्या कारखान्याने घसाऱ्याचा निधी राखला आहे काय आणि कामगारांच्या शिक्षणावर काही खर्च केला आहे काय, हे दरवर्षी तपासले जावे आणि सवलत त्याच्याशी जोडावी. जिल्हा बँकेचा कारभार ठेवीदारांना कळेल अशा भाषेत दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ते सातत्य.

ही जबाबदारी केवळ शासनाची किंवा उद्योगपतींची आहे असेही नाही. पतसंस्थेच्या वार्षिक सभेला जाणारा शिक्षक, बाजार समितीच्या कचेरीत नोंदी ठेवणारा कारकून, तंत्रनिकेतनात शिकणारा विद्यार्थी हेच या संस्थांचे खरे रखवालदार आहेत. सभेत ताळेबंद वाचला जात असताना चहाची वाट पाहणारे सभासद आणि प्रतवारीची नोंद डोळे मिटून करणारा कर्मचारी यांच्या हातूनही गिरण्या बंद पडतात. फक्त त्यांचे नाव कोठे येत नाही. वर्ध्याच्या समारंभात बसविलेल्या कोनशिलेवर तारीख कोरलेली आहे. तिच्या आधारे उभे राहणारे कारखाने तीस वर्षांनी चालू असतील की नाही, हे मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतील या लहान कचेऱ्यांत, बँकांत आणि वर्गांत आजपासून काय घडते, यावर ठरणार आहे.